अंगणातला ख्रिसमस ट्री : जोपासना आणि शिष्टाचार

महाड-पोलादपूर पट्ट्यात मुद्दाम हिरवं काही लावावं लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतीवर शेवाळ, कौलांवर गवत आणि दाराआड विसरलेल्या छत्रीवर बुरशी आपसूक धरते. तरीही बंगल्याला फाटक बसलं की मालकाला ख्रिसमस ट्री आणावासा वाटतो. अशा मालकांसाठी हे मार्गदर्शन. प्रस्तुत लेखकाला या विषयातला चौदा वर्षांचा आणि एका झाडाचा अनुभव आहे.

रोप हायवेलगतच्या नर्सरीतून घ्यावं. काळ्या पिशवीत ते गुडघ्याएवढं असतं आणि विकणारा शपथेवर सांगतो, ‘‘साहेब, एवढंच राहतं.’’ मान डोलवावी, वाद घालू नये. ख्रिसमस ट्री या नावाखाली बरेचदा जे गळ्यात पडतं, ते मूळचं पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियाचं. १७७४ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरून ही झाडं लांबून दिसली, तेव्हा सोबतच्या विद्वानांनी ते दगडी खांब असल्याचा निर्वाळा दिला होता. साठ मीटरपर्यंत उंच गेलेल्या झाडाबद्दल आणखी काय वाटणार? आमचं सध्या गच्चीच्या वर गेलं आहे. लाइनमन येतो, तारेकडे बघतो, झाडाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो.

शेंडा छाटण्याचा मोह आवरावा. शेंडा गेला की घाट गेला. पुन्हा तसा डौल येत नाही. शेजारणीला रोप हवं असेल तर बाजूची फांदीही तोडून देऊ नये. ती जगली तरी उभी वाढत नाही, आडवीच पसरत राहते. संबंधांचंही तसंच होतं.

पाणी साचेल अशी जागा टाळावी, असं पुस्तकात असतं. पुस्तकवाल्याने सावित्री आणि गांधारी या नद्या एकदम महाडच्या बाजारपेठेत शिरलेल्या पाहिलेल्या नसतात. २२ जुलै २०२१ ला आमच्या अंगणात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर कुंपण नव्हतं, दुचाकी आडवी झाली होती, झाड मात्र जागच्या जागी. खालच्या फांद्यांवर बोटभर गाळ आणि त्यात अडकलेला कुणाचा तरी परकर. गाळ वाळायच्या आत फांद्या धुवाव्यात. पाइप नसेल तर तांब्याने. परकराची चौकशी करू नये.

सजावटीचं वेळापत्रक सोपं आहे. गणपतीत दिव्यांच्या माळा, दिवाळीत आकाशकंदील. नाताळात काहीच नाही, कारण तोवर माळा माळ्यावर गेलेल्या असतात.

आता नाजूक भाग. या जातीचं झाड विषुववृत्ताच्या दिशेने झुकतं. चेष्टा नाही, २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतली २५६ झाडं मोजली आणि सरासरी कल निघाला साडेआठ अंश. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे आपलं झाड दक्षिणेला झुकणार. महाडहून दक्षिणेला निघालं की पहिलं मोठं गाव पोलादपूर. आमच्या सौ.चं माहेर पोलादपूर.

झाडाचा कल लक्षात आला त्या संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन पडवीत बराच वेळ उभी होती. ‘‘अहो, मुक्या झाडाला कळतं,’’ एवढंच म्हणाली. मी उत्तरेच्या आंब्याला काथ्याचा दोर बांधून झाडाला ओढ दिली. दुसऱ्या दिवशी दोर सुटलेला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्याच दोरावर कपडे वाळत होते. दोर बांधण्याचा प्रयोग विवाहितांनी करू नये.

दोन वर्षांपूर्वी पोलादपूरच्या मेव्हण्यानेही ईर्षेने तसंच एक झाड लावलं. परवा त्याचा फोन आला, आवाज पडलेला. त्याचं झाड आताच कशेडी घाटाकडे झुकू लागलंय म्हणे. त्याची सासुरवाडी खेडला आहे.

दोर कितीला मिळतो, ते विचारत होता.