नानांचं अर्थशास्त्र

शहाद्याच्या एसटी स्टँडासमोर, चहाच्या टपरीवर, "फुकटचं खाऊन लोक आळशी झाले" असं जे गृहस्थ रोज सकाळी सांगत असतात, ते नाना. त्या वेळी त्यांच्या हातात ठिबकच्या अनुदानाचा कागद असतो. हे त्यांच्या लक्षात आणून देऊ नये. "ते अनुदान नाही, प्रोत्साहन आहे," असं उत्तर मिळतं आणि चहाचे पैसे आपल्याला द्यावे लागतात.

नाना कोणत्या पक्षाचे, हे मी मुद्दाम सांगत नाही. कुठल्याही पक्षाचा सदरा घाला, माप बरोबर बसतं. निष्ठा अढळ आहे; सरकार बदललं की बदलतं ते अर्थशास्त्र. आपल्यांनी पैसे दिले तर तो मागास भागाचा हक्क, समोरच्यांनी दिले तर खिरापत. रक्कम तीच, बँक तीच, खातंही बहुधा नानांचंच.

नंदुरबारात अशा माणसाला कामाचा तोटा नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा, जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. दिल्लीत मागासांची यादी निघाली की आपलं नाव त्यात असतंच. फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रामीण रोजगार हमी पहिल्या २०० जिल्ह्यांत आली, त्यात आपण. मागास क्षेत्र अनुदान निधीसाठी २५० जिल्हे निवडले, त्यातही आपण. तो निधी २०१५ मध्ये गुंडाळला गेला. मग २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित जिल्हे' काढले आणि गडचिरोली, वाशीम, उस्मानाबादच्या पंगतीत आपलं पान पुन्हा मांडलेलं. नानांच्या मते यातली एक यादी जिल्ह्याचा गौरव आहे आणि दुसरी जिल्ह्याची बदनामी.

आधारचंही तेच. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच तालुक्यातल्या टेंभलीत वाटली गेली. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. त्या दिवशी नाना मांडवात पहिल्या रांगेत होते की घरी रागावून बसले होते, याच्या दोन आवृत्त्या ऐकायला मिळतात. दोन्ही त्यांच्याच तोंडच्या. २०१४ नंतर त्यांचं आणि आधारचं नातं बदललं. नानांना एकट्याला का हसावं? दोन्ही पक्षांचं बदललं. रोजगार हमीचंही तसंच: २०१५ मध्ये लोकसभेत पंतप्रधान तिला अपयशाचं स्मारक म्हणाले आणि ती चालूही ठेवली. नानांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. सभेत ते हमीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात, आणि संध्याकाळी पपईच्या मळ्यात बसून "तिकडे मस्टर लागतं, इकडे मजूर मिळत नाही" म्हणून कुरकुरतात. ही कुरकुर मात्र सर्वपक्षीय.

कर्जमाफी २०१७ ला शिवाजी महाराजांच्या नावाने आली, २०१९ ला महात्मा फुल्यांच्या नावाने. सरकारं वेगळी. एका माफीने शेतकरी उभा राहिला, दुसरीने तो बिघडला, असं नानांचं ठाम मत आहे. नाव दोन्ही याद्यांत होतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले आणि २०२४ च्या निवडणुकीत एका बाजूने २१०० म्हटलं, दुसरीने ३०००. नाना आठवडाभर तिजोरीच्या काळजीने झोपले नाहीत. काळजी फक्त समोरच्यांच्या आकड्याची. नानी शांतपणे दर महिन्याला मोबाइलवर मेसेज बघत होत्या.

एका बाबतीत मात्र नाना बरोबर बोलतात आणि तेव्हा त्यांचं कुणी ऐकत नाही. १९९४ मध्ये विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा वेगळे काढले आणि आपला भाग 'उर्वरित महाराष्ट्रा'त गेला, पुण्या-मुंबईबरोबर. "पुण्याच्या कारखान्यांची आणि आपल्या धडगावच्या डोंगराची सरासरी काढली, तर धडगाव श्रीमंतच निघणार ना भाऊ!" यात पक्ष नाही, म्हणून टाळ्या नाहीत.

परवा धडगावकडचा एक पोरगा टपरीवर आला. दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, हा मागे राहिलेला. म्हणाला, "नाना, मस्टरचे पैसे आले नाहीत. हे कोणत्या सरकारकडे मागायचे?" आता दोन तास भाषण, असं वाटून मी चपला शोधू लागलो. नानांनी पोराचं पासबुक ओढून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली आणला. "केवायसी झालेली नाही तुझी. खातं जोडलंय दुसऱ्याच बँकेला. चल." आणि अर्धा चहा टाकून ते त्याच्याबरोबर बँकेच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वाटेत योजनेला शिव्या चालूच होत्या, अर्ज मात्र अचूक भरला. शहाद्यात समोरच्या पक्षाचे निम्मे लोक आपले अर्ज नानांकडूनच भरून घेतात, हे दोन्ही पक्षांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

तुमचं काही अडलं असेल तर खुशाल जा त्यांच्याकडे. आधारच्या दोन झेरॉक्स न्या, पासबुक न्या, सातबारा असेल तर तोही. फक्त ही योजना कुणी आणली, एवढं विचारू नका. बँक दुपारी बंद होते.