फाटकावरील न्यायनिवाडा
केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या मते 250 वॉटांहून कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरांच्या आत धावणारी विजेची गाडी, काही अटींवर, मुळी मोटार वाहनच नव्हे; आणि स्केटबोर्ड तर यंत्राअभावी निव्वळ चार चाकांची फळी. अशा कायदेशीररीत्या अदृश्य वस्तूंना सांगली-साताऱ्याच्या विद्यालयीन आवारांत मज्जाव करावयाचा, तर त्यांचे वाहनत्व सिद्ध करण्याचा भार फाटकावरील पहारेकऱ्याच्याच शिरी येणार. 1947 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा 'कमवा आणि शिका' योजनेतील विद्यार्थ्याच्या हाती फावडे असे, आणि फावड्यास चाके नसल्याने हुकूमनाम्याची गरजच नव्हती. संस्थाचालकांस विनंती इतकीच, की बंदीच्या फर्मानापूर्वी त्यांनी आवारातील स्वतःच्या मोटारींचाही वेग मोजावा.