चकाला, सकाळी सात

डोंबिवली ते चकाला हा काही प्रवासवर्णनाचा विषय नव्हे. पण अंगात लग्नातला सूट, पायात करकरणारे बूट आणि खिशात नव्या कोऱ्या व्हिजिटिंग कार्डांची गड्डी घेऊन पहाटेच्या फास्ट लोकलमध्ये चढून बघा. एका काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मुहूर्त इतक्या सकाळचा?"

"लग्न नाही हो. नेटवर्किंगला चाललोय."

"असं, असं," म्हणत काकांनी अत्यंत सहानुभूतीने सरकून मला चौथी सीट दिली.

घाटकोपरला मेट्रोत शिरलो आणि एसीच्या गारव्यात सूटला प्रथमच काही अर्थ आला. २०१४ पासून ही मेट्रो लोकांना घाटकोपरहून वर्सोव्याला १२ स्टेशनांतून नेते आहे, पण सूटची इस्त्री कायम ठेवून नेते, हा तिचा गुण कोणी लिहिलेला नाही.

चकाल्याला सभेच्या हॉटेलच्या दारातच एका मुलीने माझ्या छातीवर स्टिकर चिकटवला. वर नाव, खाली धंदा. या प्रदेशात माणसं चेहऱ्याकडे बघत नाहीत, आधी स्टिकर वाचतात आणि मग किती हसायचं ते ठरवतात. ‘कोरुगेटेड बॉक्स’ला अर्धं हसू मिळतं, असं माझ्या लक्षात आलं. ‘बिल्डर’ला बत्तिशी.

नाश्त्याला इडली होती. एका हातात बशी, दुसऱ्यात कॉफी आणि समोरून कार्ड. पहिलं मी दातात धरलं, ते वॉटर प्युरिफायरवाल्याचं निघालं. दुसरं बशीत ठेवलं, तर विमावाल्याच्या मोबाइलचे शेवटचे दोन आकडे चटणीत गेले. बिघडलं काही नाही. संध्याकाळी त्याचाच फोन आला. विमावाल्याला आपला नंबर लागतो, आपल्याला त्याचा लागत नाही.

टेबलाशी शेजारी एक सीए होते. त्यांनी या नेटवर्किंगच्या प्रदेशाचा इतिहास सांगितला. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-इंजिनिअर आणि एक शिंपी यांच्याबरोबर बैठक जमवली. पुढे बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून नाव पडलं रोटरी. एका धंद्याचा एकच सभासद, हा नियम तेव्हाचा. रोटरी नंतर समाजसेवेकडे वळली. १९८५ साली कॅलिफोर्नियात आयव्हन मिस्नर यांनी बीएनआय काढली ती मात्र शुद्ध धंद्यासाठी, आणि तिथेही एका धंद्याला एकच खुर्ची. आमची सभा या दोन्हींची नव्हती, पण खुर्चीचा नियम तोच. गिऱ्हाइकावरून सभासदांत मारामारी नको, हा हेतू.

मी मनात हिशोब केला. शिकागोच्या शिंप्याला पहिल्याच दिवशी तीन गिऱ्हाइकं समोर बसलेली. इथे हॉलभर माणसं होती आणि सगळे शिंपी. प्रत्येकाच्या हातात टेप आणि नजर दुसऱ्याच्या मापावर.

मग प्रत्येकाला ४५ सेकंद. संपले की घंटा. सोलरवाल्याने सूर्य फुकट असल्याचं सांगितलं. मॉड्युलर किचनवाल्याने सुखी संसाराचा पाया ट्रॉलीत असल्याचं सांगितलं. वास्तुसल्लागाराने हॉलचं दार चुकलेलं दाखवलं आणि हॉटेलच्या मॅनेजरचं कार्ड मागितलं. डिजिटल मार्केटिंगवाल्या पोराने कोणाचाही धंदा दहापट करून देतो म्हटलं. आपला का केला नाही, हे सांगायच्या आत घंटा झाली.

माझी पाळी आली. "नमस्कार. मी खोके बनवतो."

हॉलमध्ये हशा. मागून आवाज आला, "पन्नास मिळतील का?" त्याहून मोठा हशा. "एकदम ओके!" आता टाळ्या. हशा ओसरला तेव्हा घंटा वाजत होती.

शेवटी पाहुण्यांसाठी भेटवस्तू म्हणून डायऱ्या आल्या. दोन पोरांनी उचलून आणलेल्या खोक्याचा तळ व्यासपीठासमोरच सुटला आणि डायऱ्या गालिचाभर पसरल्या. मला राहवेना. मी खोका उलटा केला. "एवढ्या वजनाला थ्री प्लाय? फाइव्ह प्लाय पाहिजे. कागद बघा, पापड बरा. आणि तळाला पिना दोनच!" चांगला दोनतीन मिनिटं बोललो. घंटा कोणी वाजवली नाही. सगळे ऐकत होते.

"तो खोका माझा आहे," मागून एक जाडसर आवाज आला. स्टिकरवर लिहिलं होतं, कोरुगेटेड बॉक्स, भिवंडी.

म्हणजे खुर्ची भरलेली होती. शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पार्टीने भाव इतका पाडला की पिनांपुरतेच पैसे उरले." आणि त्या क्षणी आमची मैत्री झाली. वापीच्या क्राफ्ट पेपरचे दर, पाण्यासारखी पातळ झालेली खळ, रात्री अकराला ‘उद्या सकाळी माल पाहिजे’ म्हणणारे परचेस मॅनेजर. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. आमच्या पार्ट्या कायदा वाचायलाच नव्वद घेतात. अख्ख्या सकाळभरात एकमेकांना काही न विकता बोललेले आम्ही दोघेच. निघताना शेठ म्हणाले, "माझं पंचिंग मशीन बंद पडलंय. थोडा माल करून द्याल? जॉबवर्कचा रेट देतो."

स्पर्धक समोरासमोर येऊ नयेत म्हणून हा सगळा बंदोबस्त, आणि सभेतलं एकमेव काम मला स्पर्धकाने दिलं.

सेक्रेटरीबाई फॉर्म घेऊन आल्या. ‘आज मिळालेला व्यवसाय’ या रकान्यात मी आकडा लिहिला, ‘कोणाकडून’मध्ये शेठचं नाव. बाई गोंधळल्या. "पण एका धंद्याचे दोघं चालत नाहीत. सध्या दंतवैद्य आणि ज्योतिषी, एवढ्याच जागा रिकाम्या आहेत."

"ज्योतिषी लिहा," शेठ म्हणाले. "पेमेंट कधी येणार, ते हे घरी रोज सांगतातच की."