कॅप्टनांचं कोटेशन

पुणे, ठाणे, डोंबिवली आणि आता हिंजवडीच्या नव्या टॉवरांतूनही एक जमात वाढते आहे. विमान चालवण्याचा परवाना यांच्यापैकी कुणाकडे नाही. पण वारा पश्चिमेचा असला की मुंबईत धावपट्टी २७, हे ते झोपेतही सांगतील. सोसायटीत यांना ‘कॅप्टन’ म्हणतात. आधी चेष्टेने, पुढे सवयीने, आणि एक दिवस वॉचमनच कुरियरवाल्याला सांगतो, “कॅप्टनसाहेब ना? बी विंग, चौथा मजला.”

कॅप्टन साधारण पन्नाशीचे. नोकरी बँकेत, विमा कंपनीत किंवा आयटीतल्या अशा खात्यात, जिथे दुपारी चारनंतर कुणी फोन करत नाही. लहानपणी पायलट व्हायचं होतं; पण आधी चष्मा लागला आणि दहावीनंतर घरच्यांनी परस्पर कॉमर्सला नाव घातलं. आता चिरंजीव परदेशी शिकायला गेल्यावर त्यांची खोली रिकामी झाली आणि तिचं हँगर झालं. अभ्यासाच्या टेबलाला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आवळलेलं आहे. टेबलाखाली रडरची पेडलं आहेत. पाय दिला की ती मागे सरकतात, म्हणून पेडलं आणि भिंत यांच्यामध्ये जेईईच्या पुस्तकांचा गठ्ठा घट्ट बसवला आहे. त्या पुस्तकांचा एवढा उपयोग घरात याआधी झाला नव्हता, असं वहिनींचं म्हणणं.

यांच्यासमोर ‘गेम’ हा शब्द काढायचा नाही. वायफायचा पासवर्ड विचारायला आलेल्या शेजाऱ्याने चुकून तो काढला, की त्याला खुर्चीत बसवून इतिहास ऐकवला जातो. ब्रूस आर्टविक नावाच्या इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सत्तरच्या दशकात संगणकाच्या पडद्यावर उड्डाण दाखवायचा ध्यास घेतला, त्यातून सबलॉजिक ही कंपनी निघाली, आणि १९८२ साली आयबीएम पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या नावाने फ्लाइट सिम्युलेटर आलं. “आणि विंडोज आलं १९८५ ला! आता सांगा, थोरलं कोण?” शेजारी मान डोलावतो. पासवर्ड राहूनच जातो.

कॅप्टनांची निष्ठा तशी जुनी. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर सीड्या मिळायच्या तेव्हापासूनची. त्या पिढीतल्या कित्येकांनी लोहगावच्या आधी शिकागोचं मीग्ज फील्ड पाहिलं, कारण अनेक आवृत्त्यांत सिम्युलेटर सुरू केलं की विमान मिशिगन सरोवराकाठच्या त्याच छोट्या धावपट्टीवर उभं असायचं. मार्च २००३ च्या अखेरीस शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी रातोरात बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणल्या. अमेरिकेचा व्हिसा कधी काढला नव्हता, तरी कॅप्टनांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाकी कॅप्टनांचा वेळ आकाशापेक्षा कोटेशनमध्ये जास्त जातो. हे कोटेशन एक्सेलच्या फाइलमध्ये राहतं. वरच्या ओळीत प्रोसेसर, त्याखाली मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, आणि सगळ्यात खाली एकूण रक्कम. ही रक्कम पांढऱ्या अक्षरांत असते. पांढऱ्या चौकटीत पांढरी अक्षरं, म्हणजे वहिनी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या तरी काही दिसू नये. वहिनींना ती चौकट निवडली की वरच्या पट्टीत आकडा दिसतो हे ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत.

“मामा, भारीतलं ग्राफिक्स कार्ड घ्या, विषय संपवा,” असं एखादा भाचा म्हणालाच, तर त्याची संध्याकाळ गेली.

“पंगत पाहिली आहेस का रे कधी? नाहीच पाहिली, तुमचं सगळं बुफे. प्रोसेसर म्हणजे आचारी, कार्ड म्हणजे वाढपी. वाढपी कितीही चपळ ठेव. आत जिलबी तळून झाली नसेल तर तो रिकामं ताट घेऊन दारातच उभा राहणार.”

पुढचं सगळं खरं असतं, हीच पंचाईत आहे. विमानाच्या पंखावरची हवा, इंजिनं, हवामान, आजूबाजूची विमानं, विमानतळावरच्या सामानाच्या गाड्या, या सगळ्याची जुळवाजुळव प्रोसेसरकडे असते. चित्र रंगवण्याचं काम कार्डाचं. त्या जुळवाजुळवीचा मोठा भाग एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे ‘मेन थ्रेड’वर चालतो. एक कोअर घाम गाळतो आणि बाकीचे बरेचसे त्याच्याकडे बघत बसतात. २००६ साली आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सने तर त्या वेळच्या उत्तमोत्तम मशीनना रडवलं होतं. एका कोअरचा वेग वाढतच जाणार या हिशेबाने ते बांधलेलं, आणि नेमका त्याच सुमारास तो वेग वाढायचा थांबून कोअरची संख्या वाढू लागली. २०२० साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने नवी आवृत्ती केली. अख्खी पृथ्वी त्यात आली. जगभरच्या नकाशांचा साठा दोन पेटाबाइटांच्या वर, इंटरनेटवरून उतरणारा. त्यात डेव्हलपर मोड चालू केला की कोपऱ्यात एक चौकट उघडते आणि नेमकं कोण अडलंय ते सांगते: ‘लिमिटेड बाय जीपीयू’ किंवा ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’. समोर एव्हरेस्टवर ऊन पडलेलं असतं. कॅप्टन चौकट बघत असतात.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने रायझन ७ ५८०० एक्स-थ्रीडी आणला आणि जमातीत दिवाळी झाली. साध्या ५८०० एक्सचा वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत, याचा ४.५. कागदावर हा हळूच. पण एल-थ्री कॅशे ३२ मेगाबाइटच्या जागी ९६. जास्तीची कॅशे चिपवरच दुसरा मजला चढवून बसवलेली. सिम्युलेटरला सारखी हजार ठिकाणची माहिती लागते. ती कॅशेत नसली की रॅमकडे धाव घ्यायची आणि तोवर कोअरने थांबायचं. कॅशे मोठी, तर फेऱ्या कमी. कॅप्टनांनी हे वाचलं, समजून घेतलं, ऑफिसच्या कँटीनमध्ये चौघांना समजावलं, ऑनलाइन कार्टमध्ये टाकलं आणि ठरवलं की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू.

एकदा वहिनींच्या भावाने भाबडेपणाने विचारलं होतं, “खऱ्या विमानात केवढा प्रोसेसर असतो हो?” कॅप्टन जरा चपापले. कारण १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० च्या उड्डाण-नियंत्रक संगणकांत मोटोरोला ६८०१० आणि इंटेल ८०१८६ या चिप होत्या. आजच्या धुलाई यंत्रालाही त्या कमी वाटतील. मग सावरून कॅप्टन म्हणाले, “खऱ्या विमानाला धारावी काढून दाखवावी लागत नाही. ती बाहेर असतेच.”

त्या एका वाक्यात सगळा खर्च आहे. ज्या ढगांचे, डोंगरांचे आणि पत्र्यांचे खऱ्या वैमानिकाला पैसे पडत नाहीत, ते इथे सेकंदाला तीस वेळा नव्याने रंगवायचे. साध्या फुल एचडी पडद्यावर एका चित्रात वीस लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ब्याऐंशी लाखांच्या वर. म्हणजे नुसता मॉनिटर बदलला तरी कार्डाचं काम चौपट. म्हणून जाणता कॅप्टन कार्डाचं नाव विचारणाऱ्याला उलट विचारतो, “मॉनिटर कोणता?” कार्डाची स्वतःची मेमरी हा पुढचा मुद्दा. फोर-के, वर बारीक नक्षीचा विमानतळ आणि त्यावर सगळी बटणं चालणारं बोइंग, एवढं १२ जीबीत कोंबलं की ऐन उतरताना चित्र आचके देतं. १६ तरी हवीच, असं ते सांगतात आणि ते बरोबरच असतं.

आणखी एक वाद खोट्या फ्रेमांचा, म्हणजे चित्रांचा. नवी कार्डं दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनची चित्रं घुसडतात. आरटीएक्स ५० मालिका २०२५ मध्ये आली तेव्हा एका खऱ्यामागे तीनपर्यंत घुसडायची. आचारी दमला असला तरी पडद्यावरची हालचाल गुळगुळीत दिसते. “ही शुद्ध फसवणूक आहे,” असं कॅप्टन चारचौघांत म्हणतात. रात्री दार लावून ते बटण चालू करतात.

असा अभ्यास असलेल्या माणसाकडे उत्तम मशीन असायला हवं. नाही. कारण दर वेळी थांबायला एक पक्कं कारण निघतं. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि क्रिप्टोवाल्यांची खरेदी, त्यामुळे भाव आभाळाला टेकलेले, थांबले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. पण दिवसरात्र राबवलेलं कार्ड घरात नको, म्हणून थांबले. ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० आलं, २४ जीबीचं, ४५० वॅटचं. पाठोपाठ काही ठिकाणी त्याचा वीजजोडणीचा प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. थांबण्याला आता सुरक्षेचंही बळ मिळालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि तिच्या ‘आदर्श’ मशीनच्या यादीत रॅम ६४ जीबी लिहिलेली होती. कॅप्टनांनी एक्सेलमध्ये ३२ खोडून ६४ केलं, जरा मागे सरकून पाहिलं, आणि पांढरा आकडा आपोआप फुगला. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० निघालं: ३२ जीबी, ५७५ वॅट, भारतात जाहीर झालेली सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार. तो नाद कॅप्टनांनी मनातच सोडला आणि ८० हजारांपासून सुरू होणाऱ्या ५०७० टीआयवर बोट ठेवलं. सप्टेंबरात जीएसटी उतरणार अशी हवा होती, तेवढ्यासाठी पुन्हा थांबले. मोठ्या टीव्ही-मॉनिटरचा कर २८ वरून १८ वर आला. कार्डाचा आधीच १८ होता, तो १८ च राहिला.

मग २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव भडकले. नव्या ९८०० एक्स-थ्रीडीला नवा बोर्ड लागतो आणि नव्या बोर्डाला डीडीआर-५ रॅम. जुन्या बोर्डावर चालणारा तो ५८०० एक्स-थ्रीडी, कार्टमध्ये टाकून ठेवलेला, एव्हाना नवाकोरा मिळणं दुरापास्त झालेलं.

अखेर एका शनिवारी कॅप्टन लोकलने ग्रँट रोडला उतरले. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. दुकानदार त्यांना ओळखतो. यांनी त्याच्याकडे इतक्या चौकश्या केल्या आहेत की तो आता नमस्कारानंतर थेट भाव सांगतो. कॅप्टनांनी खोक्याचं सील उलटसुलट करून पाहिलं, सीरियल नंबर बिलाशी ताडला, कार्डाची लांबी खिशातल्या टेपने मोजली आणि कॅबिनेटची घरून लिहून आणलेली मापं पुन्हा वाचली. एवढं करून फक्त कार्ड घेतलं. “प्रोसेसर?” दुकानदाराने विचारलं. “रॅम उतरू दे,” कॅप्टन म्हणाले.

घरी आल्यावर रिकामं खोकं माळ्यावर गेलं, जुन्या दोन कार्डांच्या आणि एका योकच्या खोक्यांशेजारी. विकताना खोकं असलं की चार पैसे जास्त येतात. त्या माळ्यावर गेल्या वर्षी वहिनींना गणपतीचं मखर ठेवायला जागा मिळाली नव्हती.

“अहो, आता तरी झालं ना मनासारखं?” वहिनींनी विचारलं.

“अर्धं,” कॅप्टन म्हणाले.

त्या रात्री व्हॅटसिमवर दिल्ली–मुंबई. हे २००१ पासूनचं विनामूल्य जाळं. वैमानिकही हौशी, कंट्रोलरही हौशी, आणि वयाची तेरा वर्षं पुरी झाली की कुणालाही दार उघडं. मुंबईच्या आकाशाचा ताबा त्या रात्री नाशिकच्या अकरावीतल्या एका मुलाकडे होता. कंट्रोलरच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर नुसते ठिपके आणि अक्षरं असतात, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. मुलाने वडिलांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला डेस्कटॉप त्या कामाला लावला होता. कॅप्टन त्याला मायक्रोफोनवर अदबीने ‘सर’ म्हणत होते.

नाशिकवरून खाली येईपर्यंत सेकंदाला ८० फ्रेम. कॅप्टन खुशीत. मग कल्याण, मग ठाण्याची खाडी, मग इमारतींचं रान, आणि आकडा घसरू लागला: ५०, ३५, २६. कॅप्टनांनी कोपऱ्यात पाहिलं. ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’. नवं कार्ड निवांत बसलं होतं. चौकटीतले मिलिसेकंद वाचता वाचता विमान वेगात, उंच आणि धावपट्टीच्या बरंच डावीकडे आलं, आणि कानात आवाज आला, “गो अराउंड.” म्हणजे उतरू नका, वर जा आणि फिरून पुन्हा या.

पाठोपाठ खासगी संदेश आला, “काका, काही प्रॉब्लेम आहे का?”

कॅप्टनांनी ऑटोपायलट लावला, कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहायला बसले. आधी आचारी आणि वाढपी. मग कॅशे, ३२ विरुद्ध ९६. मग डीडीआर-५ चे भाव, आणि ते उतरल्यावर घ्यायचा प्रोसेसर. शेवटी, मुलाला पुढेमागे मशीन बांधायचं झालं तर, तीन वेगवेगळ्या बजेटांतली यादी. एंटर दाबलं तोवर विमान समुद्रावर बरंच आत गेलं होतं.

मुलाचं उत्तर लगेच आलं, “थँक्यू काका, वाचतो नंतर. आधी डावीकडे वळा, तुमच्यामुळे तीन विमानं घिरट्या घालतायत.”