वजा पंचवीस

चिप बनवणारा इंजिनिअर निराशावादी असतो आणि पगार त्याला त्याचाच मिळतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या चिपा दिसायला सारख्या. पण एक कमी व्होल्टेजवर खुशाल पळते आणि तिची शेजारीण तेवढ्याच वेगासाठी जरा जास्त मागते. लाखो फोन खपवायचे तर प्रत्येकीची वेगळी समजूत काढत बसायला कुणाला वेळ आहे? मग हा माणूस सगळ्यात रडक्या चिपलाही पुरेल एवढं व्होल्टेज ठरवतो, वर थोडं उन्हाळ्यासाठी राखतो, थोडं म्हातारपणासाठी राखतो आणि घरी जाऊन झोपतो.

या राखून ठेवलेल्या शिलकीचा वास माझ्या भाच्याला लागला. २०१२ साली तो अकोल्याला आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करत होता, म्हणजे इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळं करत होता. सेकंडहँड घेतलेला सॅमसंग गॅलॅक्सी एस टू त्याच्याकडे होता. दोन कोअर, १.२ गिगाहर्ट्झ, १६५० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी. हे आकडे ऐकून कॉलेजातली मुलं अदबीने फोन हातात घेऊन बघायची. भाच्याला मात्र ते अपमानास्पद वाटत.

"मामा, हा एक पॉइंट सहावर जातो."

"कोण?"

"प्रोसेसर. कंपनीने उगाच दाबून ठेवलाय."

"का पण?"

"घाबरतात."

त्याने फोन रूट केला, कुणीतरी हौसेने लिहिलेला परका कर्नल त्यात फ्लॅश केला, आणि पडद्यावर एक पट्टी उमटली. ती बोटाने उजवीकडे सरकवायची, की वेग वाढला. वॉरंटीचं काय होतं, हे मी विचारलं नाही; सेकंडहँड फोनबरोबर ती आलेलीच नव्हती.

या खेळाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि त्याचं बिल भलतंच चढं असतं. चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. जास्त पळवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे मार दोन्हीकडून. समजा १.२ चे १.६ गिगाहर्ट्झ केले आणि त्यासाठी १.२ व्होल्टचे १.३५ व्होल्ट करावे लागले. वेग एक तृतीयांशाने वाढला, वीज मात्र जवळजवळ १.७ पट. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णतेतच बाहेर पडते. आणि गाव अकोला, महिना मे. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असताना आमच्या घरात स्वतःहून आणखी उष्णता तयार करणारा हा एकटाच.

अशा तापलेल्या फोनवर तो क्वाड्रंट आणि अन्टुटू चालवायचा. म्हणजे फोनला बळेच कामाला जुंपून शेवटी गुण देणारी अ‍ॅप्स. मित्रांत गुणांची चढाओढ होती, आणि चिप जास्त तापली की जीव वाचवायला स्वतःच मंदावते, त्यामुळे दुपारी गुण घसरायचे. यावर त्याने काढलेला उपाय असा: कूलरमध्ये दोन बादल्या पाणी, वाळ्याच्या ताट्या ओल्या, आणि जाळीपुढे दोन्ही हातांत फोन धरून हा उभा. घरातल्या सगळ्यांचा वारा फोन खातोय. माझी आई खाटेवरून बराच वेळ बघत होती.

"काऊन रे, ताप आला का त्याले?"

"हो आजी."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

आता इतक्या वेगाचं त्याने केलं काय? व्हॉट्सअ‍ॅप. अधूनमधून टेंपल रन. दुपारी चारला बॅटरी झोपायची, आणि चारलाच आमच्या भागाचं भारनियमन सुरू व्हायचं. वेगवान फोन आणि मुका चार्जर यांच्याकडे आळीपाळीने बघत त्याने काही संध्याकाळी काढल्या आणि मग पक्षांतर केलं. पट्टी पुन्हा १.२ वर आणली आणि व्होल्टेज उतरवायला घेतलं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

इथे मी खेळात शिरलो. ओव्हरक्लॉकिंग माझ्या रक्तात नाही. जास्त मागायला आमच्या घरात कुणी शिकवलेलंच नाही. पण काम तेवढंच, खर्च कमी, आणि समोरच्याला पत्ताही नाही, हा तर आमचा पिढीजात छंद. वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा आईने त्यांच्या चहातली साखर रोज चिमटीएवढी कमी करत नेली होती. वडील ज्या दिवशी कप खाली ठेवून "हे काय आहे?" म्हणाले, त्याच्या आदल्या दिवसाचं प्रमाण तिने कायम केलं. अंडरव्होल्टिंगची अख्खी पद्धत हीच आहे.

पडद्यावर पाच ओळींचं कोष्टक यायचं: २००, ५००, ८००, १०००, १२०० मेगाहर्ट्झ. प्रत्येकासमोर मिलिव्होल्टचा आकडा, आकड्याच्या एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला वजा. वजा दाबलं की पंचवीस कमी. दाबायचं, 'अप्लाय' करायचं आणि श्वास रोखून बसायचं. फोन जिवंत आहे? मग गाणं लाव, गॅलरी उघड, टेंपल रन पळव. चालतंय? आणखी वजा पंचवीस. फायदा वर्गाच्या हिशेबाने होत असल्यामुळे हाव सुटते: १.२ व्होल्टचे १.१ केले की त्या वेगाला चिपची वीज सोळा टक्क्यांनी खाली येते. सोळा टक्के सूट आमच्या गल्लीत कापडदुकानवालाही दिवाळीशिवाय देत नाही.

प्रमाण चुकल्याचं चिप मात्र बोलून दाखवत नाही. वरच्या ओळीत जास्त कापलं तर टेंपल रनमधला माणूस अर्ध्या उडीत हवेत थांबायचा. खालच्या, २०० च्या ओळीत जास्त कापलं तर प्रकार आणखी वाईट: फोन खिशात झोपायचा तो उठायचाच नाही. बटण दाबा, हाका मारा, पडदा काळा. मग मागच्या झाकणाच्या खाचेत नख घालायचं, कट्कट् करत ते पातळ प्लास्टिक सोलायचं, बॅटरी उपसायची, दहा आकडे म्हणून परत बसवायची. बॅटरी काढता येणारे फोन गेले तेव्हा लोक ज्यादा बॅटरीसाठी हळहळले. मी या दहा आकड्यांसाठी हळहळलो. मृत माणसाला उठवण्याची ताकद हातात असणं ही साधी गोष्ट नाही.

त्या कोष्टकाखाली एक निरुपद्रवी चौकोन असे: 'सेट ऑन बूट'. त्यावर खूण केली की फोन दरवेळी सुरू होताना हेच आकडे आपणहून लावून घेतो. चार दिवस नीट चालल्याशिवाय तिथे बोट लावायचं नाही, हा या पंथातला पहिला नियम. भाच्याच्या एका मित्राने रात्री हावरेपणाने वजा दीडशे केलं, खूण केली, आणि फोन बंद-चालू केला. फोन सुरू व्हायचा, आकडे वाचायचा, बेशुद्ध पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बूटलूप. सकाळी व्हायवा होती आणि गजर त्याच फोनमध्ये.

तोच फोन, तीच चिप. पण दुसऱ्या एका मित्राची वजा शंभरावरही हसतखेळत चालायची आणि आमची वजा पंचाहत्तरला कुरकुरायची. हे मला झोंबलं. पुढे नेक्सस फोर आला, त्यात क्वालकॉमने चिपांचे गटच पाडलेले होते: स्लो, नॉमिनल, फास्ट, फास्टर. फास्ट गटातलीला तेवढ्याच वेगासाठी कमी व्होल्टेज लागतं. वेगात फरक काहीच नाही, तरी आपली 'स्लो' निघाली की मुलं दोन दिवस जेवत नसत.

व्होल्टेज झालं की राहिला गव्हर्नर. प्रोसेसरने कधी किती पळायचं हे ठरवणारा हा लिनक्समधला कारभारी. परफॉर्मन्स नावाचा कायम कमाल वेगावर, पॉवरसेव्ह कायम किमान, कॉन्झर्व्हेटिव्ह एकेक पायरी चढणारा. आणि ऑनडिमांड: काम वाढलं की थेट वरच्या पायरीवर उडी, काम आटोपलं की खाली. हा २००४ साली, अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात यायच्या चार वर्षं आधी, इंटेलमधल्या व्यंकटेश पल्लीपाडी यांनी लिनक्सच्या २.६.९ आवृत्तीत आणला. शहाण्याचं तेवढ्यावर भागलं असतं. पण हौशी मंडळींनी आपापले गव्हर्नर लिहिले आणि बारसंही स्वतःच केलं: लायनहार्ट, स्मार्टअ‍ॅस, ब्राझिलियन वॅक्स. हे शेवटचं नाव भाचा मला मोठ्याने समजावून सांगत असताना बायको चहा घेऊन आली. "गव्हर्नर आहे तो, मामी," भाचा म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

मग कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, बॅटरीच वाचवायचीये ना? मग तो उजेड कमी करा की पडद्याचा."

फोन दिवसभर बहुतेक वेळ खिशात पेंगत असतो, तेव्हा प्रोसेसर खात असून खाऊन किती खाणार. खरा खादाड पडदा, आणि त्याच्या मागोमाग रेंज शोधणारा रेडिओ. एस टूचा पडदा अ‍ॅमोलेड, म्हणजे काळा ठिपका जवळजवळ फुकट; नुसता काळा वॉलपेपर लावला असता तरी काही हाती लागलं असतं. आम्ही दोघं रोज संध्याकाळी पूर्ण उजेडावर, फोन चार्जरला लावून, विजेची बचत मोजत होतो. बायको एवढंच बोलून आत गेली आणि आम्ही वजा पंचवीसकडे परत वळलो. बॅटरी हे निमित्त होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

२०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा भाचा बेंगळुरूला नोकरीत होता. बॅटरी म्हातारी झाली की एकदम जास्त वीज मागितल्यावर तिचं व्होल्टेज कोसळतं आणि फोन तडकाफडकी बंद पडतो. ते टाळायला अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा कमाल वेग गुपचूप उतरवला होता. जगभर आरडाओरडा झाला, कंपनीने माफी मागितली, बदली बॅटरीची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली, आणि २०२० मध्ये अमेरिकेतला खटला ५० कोटी डॉलरपर्यंतच्या रकमेवर मिटवला. भाच्याने रात्री फोन केला, भयंकर चिडून. मी म्हटलं, अरे, तू तर हौसेने हेच करायचास.

"मामा, मी करायचो. ते वेगळं."

तांत्रिकदृष्ट्या अ‍ॅपलचं बरोबर होतं, असं माझं मत अजूनही आहे. पण भाच्याचंही मला पटलं. व्होल्टेजच्या त्या कोष्टकात दुसऱ्या कुणी आपल्याला न विचारता वजा दाबावं, हे सहन होत नाही.

आता तर कोष्टकच दिसत नाही. लहान कोअर, मोठे कोअर, कुणाला कधी उठवायचं, कुणाला किती व्होल्टेज, सगळं फोन आपलं आपण बघतो आणि आमच्यापेक्षा फार बरं बघतो. आपल्या वाट्याला बॅटरी सेव्हरचं एक बटण. बूटलोडरला कुलूप, बँकेची अ‍ॅप्स रूट केलेल्या फोनवर चालायला तयार नाहीत. मी सेटिंग्जमध्ये जातो, हात चाळवतात, आणि वॉलपेपर बदलून परत येतो.

वेगाचं वेड मात्र मिटलेलं नाही. २०१९ मध्ये नुबियाने रेड मॅजिक थ्री नावाच्या फोनच्या पोटात खराखुरा पंखा बसवला, चिप गार ठेवायला. भाचा दिवाळीला आला तो तसलाच एक घेऊन. सगळ्यांच्या कानाशी धरून ती बारीक घरघर ऐकवत होता. आईने फोन हातात घेतला, उलटा केला, सगळ्या बाजूंनी चाचपून बघितला.

"पंखा हाय म्हणतं ना? मंग पानी कुठून टाकतेत यात?"