अठरा किलोंचं अरण्य

जंगल जितकं लांब, तितकी तिथं न्यायच्या सामानाची यादी मोठी. माझा पुतण्या हिंजवडीत नोकरीला, म्हणजे जंगलापासून भलताच लांब. त्याची यादी चार पानी होती. शेवटच्या पानावर 'काका' असंही एक कलम होतं, कारण त्याला एकट्याला सोडायला वहिनी तयार नव्हत्या. बेताचं नाव 'बुशक्राफ्ट'. तंबू, गाद्या, स्टोव्ह असले चोचले टाकून द्यायचे आणि रानात जे सापडेल त्यावर रानात राहायचं, असं त्या विद्येचं सार त्याने मला समजावून सांगितलं. रानात सापडेल त्यावर राहायचं तर दारात रोज कुरियरवाला कशाला, हे मी विचारलं नाही. वहिनी विचारत होत्याच.

जागा मी सुचवली: निंबोला. बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की असीरगडाच्या अलीकडे हे गाव येतं. माझा मामेभाऊ नाना तिथे केळी करतो. राज्य मध्य प्रदेशाचं, पण रावेर मागे पडलं म्हणून मराठी काही गाडीतून उतरत नाही. बुऱ्हाणपूर स्टेशनबाहेर पाट्या हिंदी, रिक्षावाल्याचा लहेजा उर्दू, आणि भाड्यावरून घासाघीस मात्र खुशाल मराठीत करावी. पुतण्याने निंबोला उपग्रहाच्या नकाशावर पाहिलं, सातपुड्याचा तपकिरी पट्टा बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "ड्राय डेसिड्युअस फॉरेस्ट." नाना त्याला 'डोंगर' म्हणतो.

सामानाची पहिली छाटणी रेल्वेने केली. पेटणारे पदार्थ आणि गॅसच्या डब्या गाडीत नेणं हा गुन्हा आहे, म्हणून चहाच्या कपाएवढा विलायती स्टोव्ह आणि त्याची गॅसची डबी घरी राहिली. "तुमच्या विद्येत स्टोव्ह नसतो ना?" मी म्हटलं. "तो बॅकअप होता, काका." पुढे लक्षात आलं की यादीतलं निम्मं सामान हे उरलेल्या निम्म्याचं बॅकअप होतं.

नानाच्या शेडमध्ये केळीचे घड मोजायचा काटा आहे. पुतण्याने पाठीवरची सॅक उतरवली तेव्हा झालेला आवाज ऐकून नानाने ती न विचारता काट्यावर ठेवली. 18 किलो.

"घडाएवढी भरली रे भो," नाना म्हणाला. "पण घड विकता तरी येतो."

इथे एका अमेरिकन आजोबांची आठवण काढायला हवी. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हे त्यांचं नाव, 'नेसमुक' या टोपणनावाने लिहायचे. 1884 साली त्यांचं 'वुडक्राफ्ट' आलं आणि आजची सगळी बुशक्राफ्ट मंडळी त्यांना आद्य गुरू मानतात. हे गृहस्थ अंगाने किरकोळ. त्यांनी एकट्याने वल्हवत न्यायची जी नाव बनवून घेतली, ती साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोंच्याही आत. गुरूंची अख्खी नाव पाच किलोंची आणि शिष्याची पिशवी अठरा! पुतण्याने ते पुस्तकही आणलं होतं. छापील आवृत्ती, शिवाय मोबाइलमध्ये बॅकअप.

मग ओट्यावर सॅक उघडली. नाना, वहिनी (या नानाच्या), शेजारची तीन पोरं आणि नानाचा सालदार असं परीक्षक मंडळ बसलं.

पहिला निघाला सुरा. मुठीत पोकळी, पोकळीत गळ, सुया आणि होकायंत्र. 1982 साली 'फर्स्ट ब्लड' सिनेमात रॅम्बोच्या हातात असला सुरा दिसला आणि तेव्हापासून जगभरच्या पोरांना वाटतं की सुया ठेवायची जागा सुऱ्याची मूठ हीच. पातं दहा इंच. नानाने ते अंगठ्याने तपासलं आणि शांतपणे म्हणाला, "निंबोल्यातच पोलीस ठाणं आहे, बरं का." त्यात अतिशयोक्ती नव्हती. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, जे घरकामाचं, शेतीचं किंवा कारखान्याचं नसेल, ते हत्यारात मोडतं. म्हणजे दारामागचा कोयता हे शेतीचं अवजार, आणि हा रेशमी म्यानातला सुरा हे शस्त्र! कोयत्याने वर्षभर केळीचे घड उतरतात. सुऱ्याने आतापर्यंत फक्त कुरियरचे खोके फाडले होते.

मग आली पॅराशूटची दोरी. पाचशे पन्नास पौंड, म्हणजे अडीचशे किलोंचा ताण सोसणारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक असल्या दोरीला लटकून उतरले. "काय बांधायचं हिनं?" वहिनींनी विचारलं. पुतण्या विचारात पडला. नानाच्या शेतात दोरीला तोटा नाही. केळीचं वाळलेलं सोपट ओलं करून ताणलं की दोरी. फुलवाले हार त्यावरच तर ओवतात. आपट्याची साल, अंजनाची साल, पळसाच्या मुळ्या, सगळ्यांचा वाख निघतो. आणि हे सगळं शोधायचा कंटाळा आला तर ठिबकच्या जुन्या नळ्या. खानदेश-निमाडातली निम्मी शेती आज ठिबकच्या जुन्या नळ्यांनी बांधलेली आहे: फाटकं, मांडव, मोटारसायकलचे मडगार्ड. बुशक्राफ्टच्या एकाही पुस्तकात या नळीचा उल्लेख नाही, यावरून ती पुस्तकं किती वरवरची आहेत ते कळतं.

सापाची पेटी निघाली तेव्हा मात्र नाना गंभीर झाला. पेटीत विष ओढून काढायचा पंप आणि करकचून बांधायचा पट्टा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, ती इस्पितळात मिळते, आणि जखम चोखून, चिरून किंवा आवळून विष उतरत नाही, उलट नुकसान होतं. "सापाची पेटी माझ्याकडे पण आहे," म्हणत नानाने मोटारसायकलच्या टाकीवर टिचकी मारली. पेट्रोल भरलेलं होतं. बुऱ्हाणपूर तिथून अर्ध्या तासाच्या आत. रात्री पायापुढे मारायला बॅटरी, हातात काठी आणि टाकीत पेट्रोल; मी एवढ्या सुटसुटीत वैद्यकावर प्रथमच विश्वास ठेवला.

शेवटी पाण्याची नळी. नाल्यात तोंड घालून या नळीने पाणी ओढलं की जंतू आत अडकतात आणि शुद्ध पाणी तोंडात येतं, असं पुतण्याने सांगितलं. इतका वेळ न बोललेल्या सालदाराने तेव्हा पहिला प्रश्न विचारला. "कोणत्या नाल्यात?"

मार्च चालू होता. पळस फुलून गेलेले, सागाची पानं झडलेली, मोह गळायला लागलेला आणि नाल्यात दगडगोटे. त्या नळीतून फार तर वारा गाळून पिता आला असता. पुतण्याच्या पाठीवरच्या पाणपिशवीत दीड लिटर मावत होतं. त्या उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला पाच-सहा लिटर लागतात. अठरा किलोंत पाणी दीड, बाकीचं साडेसोळा किलो पाणी नसेल तर काय करायचं याच्या तयारीचं!

माझ्या मते घोटाळा इथेच आहे. या विद्येची पुस्तकं लिहिली गेली कॅनडात, स्वीडनमध्ये, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ओल्या, थंड रानांत. तिथे माणूस गारठून मरतो, म्हणून त्यांचा सारा जीव आगीत. पाणी तिथे पावलोपावली. निंबोल्याला नेमकं उलटं: माणसाला मारतं ते ऊन, आणि रानाला मारते ती आग. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखात्याचे लोक जाळरेषा राखत वणव्याच्या धास्तीत असतात. मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवतो आणि डोंगर जळतो. राखीव जंगलात विस्तव करणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आणि पुतण्याकडे आग लावायची साधनं होती सात.

तरी हौस म्हणून नानाने नांगरून ठेवलेल्या रानात, गवताची काडी नाही अशा जागी, त्याला एक प्रयोग करू दिला. धनुष्याने काठी फिरवून लाकडावर लाकूड घासायचं आणि अग्नी काढायचा. लाकूड त्याने स्वतः निवडलं: अंजन. आता अंजन हे देशातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी एक. या कामाला हवं मऊ लाकूड. तासाभराने धूर निघाला, पण तो पुतण्याच्या अंगाच्या वाफेचा असावा. सालदार बाजूला बसून बघत होता. त्याने बिडी काढली, काडी ओढली आणि सौजन्य म्हणून पुतण्याला विचारलं, "पेटवून देऊ का?"

याच सालदाराचं सामान मग मी नीट पाहिलं. रात्री रानडुकरं आणि रोही हाकायला तो डोंगराच्या कडेच्या शेतात माळ्यावर झोपायला जातो. आमचाही मुक्काम तिथेच ठरला होता. कमरेला फाळ्या, म्हणजे बारेला लोकांचा वाकडा कोयता. कोपरीच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत काडेपेटी. डोक्याला गमछा, खांद्यावर घोंगडी. हातात ओलं गोणपाट गुंडाळलेली पाच लिटरची कॅन. गोणपाटाचं पाणी उडून जातं आणि आतलं गार राहतं. पूर्वी जीपच्या पुढे लटकणाऱ्या किरमिजाच्या छागळीचं शास्त्र तेच. आणि कॅनच्या कानात अडकवलेली, अर्थातच, ठिबकच्या नळीची दोन वाव गुंडाळी.

डेव्ह कँटरबरी नावाचे सध्याचे एक प्रसिद्ध अमेरिकन गुरू आहेत. कापायला, पेटवायला, पांघरायला, साठवायला आणि बांधायला अशा पाचच वस्तू खऱ्या, असं ते शिकवतात. पुतण्याला हे पाठ होतं. त्याने सालदाराकडे बघत बोटं मोजली, पाच झाली, आणि त्याचा चेहरा पडला. त्या पाचांसाठी त्याने जे पैसे मोजले होते त्यात सालदाराचं दोन पिढ्यांचं सामान आलं असतं. सालदाराला मी त्या गुरूंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे पण डुकरं येतात का?"

माळ्यावरची रात्र छान गेली. डुकरं आली नाहीत. पुतण्याच्या डोक्यावरच्या दिव्याचा झोत बुऱ्हाणपुरापर्यंत जात होता, त्यांना तरी काय पडलं होतं. पहाटे सालदाराने सालईचा वाळलेला डिंक खड्यासारखा हातावर ठेवला. पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत तेव्हा हा खडा खाली ठेवायचा, धुपासारखा वास येतो आणि जाळ धरतो. ही सालई म्हणजे साधंसुधं झाड नव्हे. जवळच्या नेपानगरला देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला, तो हिच्याच लाकडाच्या भरवशावर. 1956 साली नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. आमच्या पिढीने बातम्यांबरोबर थोडीफार सालईही वाचलेली आहे.

सकाळी असीरगड. चढताना पुतण्याच्या पाठीवर नानाची कॅन होती, सॅक ओट्यावर. सामानाची जय्यत तयारी म्हणजे काय ते बघायचं तर हा गड बघावा. पायथ्यापासून साडेआठशे फूट उंच, वर तलाव, धान्याची कोठारं, तोफा; बहादूरशाह फारुकी वर्षानुवर्षं पुरेल एवढी शिबंदी आणि शिधा घेऊन आत बसला होता. अकबराने 1600 साली वेढा घातला आणि जानेवारी 1601 मध्ये गड घेतला. अबुल फजल म्हणतो, आत माणसं आणि गुरं दाटीने कोंडल्यामुळे साथ आली. जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत मात्र सोनं चारून दरवाजे उघडल्याचं आहे. कारण कुठलंही धरा, कोठारात धान्य शिल्लक होतं.

आणि याच गडावर, लोक सांगतात, अश्वत्थामा फिरतो. गुप्तेश्वर महादेवाला पहाटे फूल वाहतो, आणि कुणी भेटलं तर कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागतो. पाच हजार वर्षं रानात टिकून राहिलेला माणूस आणि मागणं काय, तर वाटीभर तेल! पुतण्याने यादी काढली. तेल नव्हतं. 'टू बी ऑर्डर्ड'मध्ये त्याने ते लिहिलं, बॅकअपसह.

सॅकमधला एकच नग कायमचा निंबोल्याला राहिला: वर ताणायचं ते हलकं, जलरोधक कापड. ते वहिनींनी पापड वाळवायला ठेवून घेतलं आणि वस्तू उत्तम आहे असा निर्वाळा दिला.

तिकडे जायचं मनात असेल त्यांनी मार्चमध्ये जाऊ नये. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर जावं. नाल्यांत थोडं पाणी असतं आणि डोंगर हिरवा असतो. जंगलात शिरण्याआधी वनखात्याला विचारावं, रात्र शेताच्या माळ्यावर काढावी. पाणी माणशी पाच लिटर, बॅटरी, काठी, जुने मळलेले बूट, डोक्याला गमछा. पिशवीत उरलेली जागा मोकळी ठेवावी: बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी गरम असते तेव्हाच खायची असते हे खरं, पण घरच्यांसाठी किलोभर आणल्याशिवाय कुणी आत घेत नाही.