कोणी न ऐकलेला गायक कसा गाठावा

गाण्याची आवड असणं आता फारच साधी गोष्ट झाली. ती रिक्षावाल्यालाही असते, मेहुण्यालाही असते. चारचौघांत उठून दिसायचं असेल तर ज्याचं नाव अख्ख्या कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नाही असा एखादा जागतिक कलावंत तुमच्या खिशात हवा. घाबरू नका. घरात गाण्याचं म्हणून फक्त आरत्यांचं पुस्तक असलेल्या माणसालाही हे तीन आठवड्यांत जमतं. आम्हाला जमलं.

१. आधी देश ठरवा, गाणं नंतर.

इंग्लंड-अमेरिका बाद. तिथं पेठेतल्या कुणाचा तरी पोरगा नोकरीला असतोच आणि तो व्हिडिओ कॉलवरून तुम्हाला खोटं पाडतो. सुरुवातीला टुवा घ्या. सायबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाला लागून आहे. तिथले गवई एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढतात. खाली घरघर, वर शीळ. या गाण्याला खूमेई म्हणतात. उच्चार बिनधास्त करा, दुरुस्त करणारा पंचक्रोशीत नाही. घरात मात्र हेडफोन वापरा. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी आतून विचारलं, "कुणाचा घसा बसलाय रं? हळद-दूध देऊ?"

२. श्रोते मोजा.

ॲपवर प्रत्येक कलावंताच्या नावाखाली महिन्याचे श्रोते दिलेले असतात. आकडा लाखात असेल तर पुढं सरका. हजारात असेल तर संशय घ्या. शंभराच्या आत आला की थांबा, हाच तुमचा माणूस. गाणं कसं आहे ते सवडीनं बघता येईल, काही जण बघतातही.

३. चरित्र पाठ करा.

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. गाण्याला कान लागतो, चरित्राला फक्त तोंड लागतं. इथिओपियाचा हायलू मेर्गिया बघा. अदिस अबाबात बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, अमेरिकेत गेला आणि वॉशिंग्टनला टॅक्सी चालवू लागला. कीबोर्ड गाडीच्या डिकीत. गिऱ्हाईक नसलं की काढून वाजवायचा. त्याची १९८५ ची कॅसेट एका अमेरिकन संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१३ मध्ये पुन्हा निघाली. किंवा डेट्रॉइटचा रॉड्रिग्ज. १९७० मधली त्याची पहिली तबकडी अमेरिकेत आपटली, दक्षिण आफ्रिकेत मात्र घरोघर वाजली. तिथं लोक त्याला मेलेला समजत होते आणि हा इकडं इमारती पाडायच्या कामावर. दुर्दैवानं त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं, त्यामुळं तो आता आपल्या कामाचा राहिलेला नाही.

एक सूचना. हालअपेष्टा परदेशीच हव्यात. खासबागेत कुस्ती रंगवायला तासन् तास हलगी कडाडवणारा आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाणारा माणूस इथं चालत नाही. त्याच्याकडं चरित्र विचारत नाहीत. सुपारी किती घेणार ते विचारतात, आणि ती कमी करून घेतात.

४. 'छान' हा शब्द सोडा.

छान पोहे असतात. तुम्ही 'टेक्स्चर', 'लेयर', 'एकदम रॉ' असं म्हणा आणि डोळे अर्धे मिटा. भाषा कळत नाही ही अडचण समजू नका, ती सोय आहे. गाणं कदाचित हरवलेल्या शेळीबद्दल असेल. तुम्ही त्यात विस्थापितांची वेदना ऐकलीत, कोण अडवणार?

५. जागा बघून ऐकवा.

इथं आमची चूक तुमच्या उपयोगी पडेल. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, समोर म्हैस पिळली जात असताना, आम्ही मित्राला टुवाचा नवा गवई फोनवर लावून दाखवला. मित्र काही बोलायच्या आत पिळणारे मामाच म्हणाले, "साहेब, ते जरा लांब लावा. म्हस पान्हा चोराय लागलीय." एवढी प्रामाणिक समीक्षा आम्हाला नंतर कुठल्याच नियतकालिकात वाचायला मिळाली नाही.

गणपतीच्या दिवसांत तर प्रयत्नच करू नका. डॉल्बीपुढं इथिओपिया टिकत नाही.

६. कलावंत प्रसिद्ध झाला तर.

तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. एखाद्या रीलमागं तुमचा माणूस वाजतो, मेहुणा विचारतो, "हे ऐकलंस का?" आणि सगळं संपतं. तीन दिवस सुतक पाळा, मग 'त्याचं आधीचं काम जास्त चांगलं होतं' एवढं म्हणून नवा देश उघडा.

७. जवळचा धोका.

याची पूर्वसूचना कोणी देत नाही. शोधता शोधता तुम्ही चरणजित सिंग यांच्यापाशी पोचाल. वाद्यं नवी, आवाज अनोळखी, समीक्षक बेहोश. आणि मग कळेल की हा माणूस मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवायचा. १९८२ साली त्यानं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, तबकडी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये हॉलंडच्या एका संग्राहकानं ती पुन्हा काढली तेव्हा जगानं कान टवकारले. म्हणजे तुम्ही टुवामार्गे दादरला उतरलात.

आणखी जवळ आलात तर अवघड आहे. आपला दुसरा नियम आठवा, श्रोते जितके कमी तितका कलावंत मोठा. या हिशेबानं जगात पहिला नंबर अल्लादियाखाँसाहेबांचा लागतो. शाहू महाराजांचे दरबारी गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, वर्षानुवर्षं याच गावात गायले. आवाज मुद्रित करू दिला नाही. १९४६ साली गेले, मागं एकही तबकडी नाही. महिन्याचे श्रोते शून्य. पण ते मिरवायला उपयोगाचे नाहीत, कारण नाव सगळ्या कोल्हापूरला पाठ आहे. टुवाच्या गवयाचं नेमकं उलटं. गाणं ऐकलंय, नाव सांगता येत नाही.

गाण्याचा देवल क्लब इथं १८८३ पासून आहे. आम्ही त्याच्यावरून रोज स्कूटर काढतो, कानात टुवा.

तरीही हट्टच असेल तर खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर घ्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात भारताचं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर-१ यानानं २०१२ मध्ये सूर्याचं प्रभावक्षेत्र ओलांडलं. त्या भागात अजून एकही श्रोता मिळालेला नाही, त्यामुळं नियमात बसतं. साडेतीन मिनिटांची आहे, आणि साडेतीनचा आकडा अंबाबाईच्या गावाला सांगायला नको. फोनवर फुकट मिळते. ऑर्डर दिलेली मिसळ टेबलावर येईपर्यंत ऐकून होते.